शिकारी बीगल: पैदाशीचा नर कसा पारखतात

दुधाच्या धंद्यात वळू निवडताना त्याच्या देखणेपणावर कुणी फार वेळ घालवत नाही. वळू दूध देत नाही. त्याच्या मुली किती दूध देतात, किती वेतं टिकतात, यावरून त्याची किंमत ठरते. उरुळी कांचनच्या बायफ संस्थेची गोठित रेतमात्रा गायीला भरून घेणारा शेतकरी त्या वळूला कधी बघतही नाही. शिकारी कुत्र्याचं उलटं आहे. इथे नर स्वतःच रानात धावून दाखवतो, बक्षिसं आणतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. जो स्वतः चांगला धावतो तो चांगली पिल्लं देईलच, असं बघणाऱ्याचं मन ठरवून मोकळं होतं.

हा लेख अमेरिकेत सशाच्या शिकारीला नेल्या जाणाऱ्या बीगल जातीच्या कुत्र्यांबद्दल आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बंद आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईतला बीगल हा सोफ्यावरचा बीगल. अमेरिकेत मात्र केंटकी, कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा राज्यांच्या खेड्यापाड्यांत आजही हिवाळ्यात घरचे बीगल घेऊन सशाला जाणारी कुटुंबं आहेत. अमेरिकन केनेल क्लबने ही जात १८८५ साली नोंदवली. नॅशनल बीगल क्लब १८८८चा. तिकडे उंचीवरून दोन गट पडतात: १३ इंचांपर्यंतचे एका गटात, १३च्या वर पण १५ इंचांपर्यंतचे दुसऱ्यात. १५च्या वर गेलेला कुत्रा या जातीच्या प्रमाणात बसत नाही. म्हणून नराच्या आईबापाची आणि भावंडांची उंचीही विचारून ठेवावी. घराण्यात साडेपंधरा इंचांचे कुत्रे निघत असतील, तर समोर उभा असलेला साडेचौदाचा नर फारसा भरवशाचा नाही.

आता ही शिकार चालते कशी, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बीगल ससा पकडत नाही, निदान पकडणं त्याचं काम नाही. तिकडचा साधा रानससा, कॉटनटेल, झुडपातून उठला की जिवाच्या आकांताने पळतो, पण स्वतःचा टापू सोडत नाही. थोडं दूर जाऊन तो गोल फिरतो आणि जिथून उठला त्याच्या आसपास परत येतो. शिकारी बंदूक घेऊन तिथेच उभा असतो. सशाला नुसत्या वासाने, मागोमाग, भुंकत भुंकत त्या गोलात फिरवत आणणं हे बीगलचं काम. शिकाऱ्याला कुत्रा दिसतही नाही. झुडपातून येणाऱ्या आवाजावरून ससा कुठपर्यंत आला, कुठे वळला, हे त्याला कळत असतं.

एवढ्यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. एक, नुसता वेग इथे फार कामाचा नाही. पाठीमागून भलताच जोर आला की कॉटनटेल गोल पुरा न करता बिळात घुसतो, आणि खेळ संपतो. दोन, कुत्र्याचा आवाज खोटा असेल तर शिकारी चुकीच्या दिशेला तोंड करून उभा राहतो. उत्तरेकडे, मेन किंवा मिनेसोटाच्या बर्फात, स्नोशू हेअर नावाचा मोठ्या पायांचा ससा असतो. तो सहसा बिळात जात नाही, लांबच लांब गोल घेतो, आणि तिथे वेगवान, दमदार कुत्रा लागतो. म्हणजे ‘उत्तम नर कोणता’ या प्रश्नाला जागा आणि ससा सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. मेनमधला विजेता केंटकीतल्या काटेरी झुडपांत डोकेदुखी ठरू शकतो.

माग तुटल्यावरची दोन मिनिटं

अमेरिकन केनेल क्लबच्या बीगल स्पर्धांच्या नियमांत गुणदोषांची मोठी यादी आहे. गुणांत शोधण्याची हौस, मागाचा अचूकपणा, आवाजाचा योग्य वापर, दम, चिकाटी, धीर, स्वतंत्र बुद्धी, सोबत्यांशी सहकार्य, आवरलेली ईर्ष्या वगैरे. मला त्यातली दोषांची यादी जास्त बोलकी वाटते, कारण ती लिहिणाऱ्यांनी आयुष्यभर रानात उभं राहून ओठ चावलेले दिसतात. माग उलटा काढत जाणारा, वास नसताना वास असल्यासारखा धावणारा, एकाच जागी घुटमळणारा, उगाच भुंकणारा, मागावर असूनही तोंड न उघडणारा, दुसऱ्यांनी केलेलं काम आडवाटेने जाऊन हिसकावणारा, माग तुटला की जागा सोडून भलतीकडे भटकणारा, मध्येच काम सोडून देणारा. माणसांच्या कुठल्याही कचेरीत यातले निम्मे सापडतील, असो.

यांतली सगळ्यांत खरी परीक्षा माग तुटतो तेव्हा असते. ससा सरळ पळताना ताजा वास असतो, तेव्हा बराचसा सुमार कुत्राही छान दिसतो. पण ससा एकदम काटकोनात वळतो, आल्या वाटेने थोडं परत जाऊन बाजूला उडी मारतो, ओढा ओलांडतो, डांबरी रस्त्याने चार पावलं जातो. वास तिथे संपतो. तिकडे याला ‘चेक’ म्हणतात. चांगला कुत्रा इथे भुंकणं लगेच थांबवतो. वास शेवटचा जिथे नक्की होता, तिथून अगदी जवळ सुरुवात करतो, नाक जमिनीला, आणि हळूहळू शोधाचं वर्तुळ वाढवत नेतो. वास सापडला की एकदाच, खात्रीने आवाज. वाईट कुत्रा दोन प्रकारचा असतो. एक वेग न आवरून पन्नास पावलं पुढे निघून जातो आणि तिथे नशीब आजमावतो. कधी कधी ससा सापडतोही, आणि बघणारा टाळ्या वाजवतो. दुसरा त्याच जागी वास चघळत, भुंकत बसतो, जणू काही घडलंच नाही. मी नर बघायला जाणाऱ्याला सांगेन की सरळ धावेकडे दुर्लक्ष झालं तरी चालेल, पण प्रत्येक चेक नीट बघ. किती चेक आले, त्यांतले किती या कुत्र्याने स्वतः सोडवले, आणि किती वेळा तो दुसऱ्याने सोडवल्यावर मागून सामील झाला, हे मोजून ठेव.

यासाठी नराला आधी एकटं सोडून बघायला हवं. कळपात पाच-सहा कुत्रे असले की कुणाच्या नाकावर कोण जगतंय ते कळत नाही. एकट्याने तासभर सशाचा माग धरून ठेवला, की मग एका सोबत्याबरोबर बघा, मग अनोळखी कळपात. एकटा असताना शहाणा आणि सोबत आली की चेकाळून शर्यत लावणारा, असे कुत्रे पुष्कळ असतात. ही ईर्ष्या बऱ्याच अंशी स्वभावातून येते, आणि स्वभाव पिल्लांत उतरतो.

दिवसही बदलून बघावा. ओलसर माती, थोडा गारवा, वारा पडलेला, अशा सकाळी वास जमिनीला धरून राहतो आणि सगळेच हुशार वाटतात. कोरडी धूळ, वारा किंवा सुकलेली पानगळ असलेल्या दुपारी नाकाची खरी किंमत कळते. मालक जर ‘आज नको, आज वास धरणार नाही’ म्हणाला, तर नेमकं त्याच दिवशी जावं. हल्ली बहुतेकांकडे जीपीएसचे पट्टे असतात. कुत्र्याने काढलेला पूर्ण मार्ग पडद्यावर उमटतो. तो मार्ग गोल भरत आला की वेडावाकडा तुटत गेला, हे मालकाच्या वर्णनापेक्षा प्रामाणिक असतं.

शिकवलेलं आणि आणलेलं

आता खरा गुंता. रानात दिसलं त्यातलं किती रक्तातलं आणि किती मालकाच्या मेहनतीचं?

उदाहरण हरणाचं घ्या. सशाच्या मागावरचा बीगल हरणाच्या मागे लागणं हा तिकडे मोठा गुन्हा, आणि बऱ्याच राज्यांत कायद्यानेही भानगड. विजेच्या पट्ट्याचे हलके झटके देऊन कुत्र्याला हरणापासून तोडता येतं. असा तोडलेला नर तुमच्यासमोर हरणाकडे ढुंकूनही बघणार नाही. पण तो धडा त्याच्या शुक्राणूंत जात नाही. म्हणून ‘हा हरणामागे जातो का’ विचारण्यापेक्षा ‘लहानपणी किती हट्टाने जायचा, किती झटक्यांत सुटला’ हे विचारा. हाकेला परत येणं, गाडीत शांत बसणं, हेही बरंचसं शिकवलेलं. बंदुकीच्या आवाजाला न बिचकणं यात सवय आणि घाबरटपणा दोन्ही मिसळलेले असतात, तिथे भावंडांची चौकशी करावी.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे कुंपणाची रानं. कित्येक एकर जागेला जाळी मारून आत ससे सोडलेले असतात आणि पिल्लांना तिथे सुरुवात करून देतात. चांगली सोय आहे. पण अशा रानात पदोपदी ससा उठतो, त्यामुळे वर्षभरात कुत्र्याला मिळतो तो सराव मोकळ्या रानातल्या कुत्र्याला कदाचित तीन-चार हिवाळ्यांत मिळेल. शिवाय शोधण्याची चिकाटी तिथे तपासलीच जात नाही. नर कुंपणातला असेल तर त्याला बाहेर काढून, जिथे तासाभराने एखादा ससा उठतो अशा जागी बघणं भागच आहे.

स्पर्धेचंही तसंच. ज्याला बक्षीस मिळतं ते वाढत जातं, याचा एक धडा याच जातीने दिलेला आहे. अमेरिकेत दोन-दोन कुत्रे जोडीने सोडून मागाच्या अचूकपणावर गुण देणाऱ्या स्पर्धा फार जुन्या. त्यात एक पाऊलही चुकू न देणारा कुत्रा जिंकायचा, त्याच नराला माद्या मिळायच्या. पिढ्यान् पिढ्या हेच चालल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या स्पर्धांमधले बीगल इतके संथ झाले की शिकारी त्यांना थट्टेने ‘वॉकी-टॉकी’ म्हणू लागले: चालतात आणि बोलतात. परीक्षकांनी लबाडी केली नव्हती. त्यांनी एकच गुण मोजला, आणि कुत्र्यांनी तो भरभरून दिला. पुढे छोट्या-मोठ्या कळपांच्या, बंदुकीचा आवाज करून बघण्याच्या, अशा वेगळ्या स्पर्धांकडे लोक वळले त्यामागे हेही एक कारण होतं. तेव्हा नावामागे चॅम्पियन लागलेलं दिसलं की पहिला प्रश्न: कुठल्या प्रकारच्या स्पर्धेचा चॅम्पियन?

पिल्लांची मोजदाद

नर तीन-चार वर्षांचा असेल आणि आधी दोन-तीन माद्यांना लावलेला असेल, तर त्याच्या धावेपेक्षा त्याची पिल्लं जास्त सांगतील. इथे जाहिराती हमखास वरचा आकडा सांगतात, खालचा गाळतात. ‘सहा चॅम्पियनांचा बाप.’ बरं, पण एकूण पिल्लं किती? समजा एकाची ९० पिल्लं आणि ६ चॅम्पियन, दुसऱ्याची १५ पिल्लं आणि २. जाहिरात पहिल्याची होईल, हिशोबात दुसरा पुढे आहे. मग त्याहून महत्त्वाचं: उरलेल्या ८४ आणि १३ पिल्लांचं काय झालं? किती जण घरचे कामाचे कुत्रे झाले, किती ससा उठल्यावरही उभे राहिले, किती बंदुकीला घाबरून गाडीखाली लपले? ज्यांना साधारण पिल्लू मिळालं त्यांना फोन करावा. ज्यांना हिरा मिळाला ते स्वतःहून सांगतात.

आणखी एक मेख आहे. नावाजलेल्या नराकडे चांगल्याच माद्या येतात, आणि त्या आणणारे लोकही कुत्र्यांवर रोज मेहनत घेणारे असतात. पिल्लं चांगली निघाली यात बापाचं श्रेय किती, आईचं किती, मालकाचं किती? याचा एक बऱ्यापैकी उपाय म्हणजे एकाच मादीची दोन वेतं शेजारी ठेवणं, एक या नराचं, एक दुसऱ्याचं. आई तीच, बहुतेकदा घरही तेच, त्यामुळे जो फरक दिसतो तो बराचसा नराचा. वळूंचा हिशोब करणारे लोकही असंच शक्य तितकं समान घेऊन मगच तुलना करतात.

नर तरुण असेल आणि पिल्लंच नसतील, तर भावंडांकडे वळावं. सात पिल्लांच्या वेतात एकच तारा आणि बाकीचे सुमार, त्यापेक्षा सातही जण भरवशाचे आणि आपला नर त्यातला दुसरा-तिसरा, हा नर मी आधी घेईन. अपवादात्मक कुत्रा हा पुष्कळदा जनुकांच्या आणि संधीच्या नशीबवान जुळणीने झालेला असतो, आणि ती जुळणी पुढे जाताना मोडते. पिल्लं घराण्याच्या सरासरीकडे सरकतात. घराण्याची सरासरीच उंच असेल तर मोडूनही फार बिघडत नाही.

रक्त घट्ट करण्याचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. पेडिग्रीत, म्हणजे वंशावळीत, एकच नाव तीनदा दिसलं की लोक खूश होतात. हिशोब एवढा लक्षात ठेवावा: बाप-मुलगी किंवा सख्खी भावंडं जोडली तर अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के, सावत्र भावंडांचं १२.५, चुलत-मावस भावंडांचं ६.२५. हेही मागे दुसरं नातं नसेल तर. प्रमाण वाढलं की गुण पक्के होतात तसे झाकलेले दोषही उघडे पडतात, आणि वेतं लहान होऊ लागतात. एकाच लाडक्या नराने एका भागातल्या सगळ्या माद्या भरल्या, तर दहा वर्षांनी त्या भागात बाहेरचं रक्त शोधावं लागतं.

डीएनए चाचणी कशाला, हा कुत्रा तर ठणठणीत आहे

कारण काही रोग ठणठणीत कुत्र्यातच लपतात. बीगलमध्ये ओळखीचे काही आहेत. मुस्लाडिन-ल्यूके सिंड्रोममध्ये कातडी आणि सांधे आखडतात, पिल्लू पायाच्या बोटांवर चालल्यासारखं दिसतं. फॅक्टर सातची कमतरता असलेल्या कुत्र्याचं रक्त नीट गोठत नाही. बहुधा सौम्य, ऑपरेशनच्या टेबलावर कळते. इमर्सलंड-ग्रेसबेकमध्ये आतड्यातून बी-१२ शोषलं जात नाही, पिल्लू खातं पण वाढत नाही. मेंदूच्या एका विकारात पिल्लं चालायला लागतात तेव्हाच अडखळतात. लाफोरा नावाचा अपस्माराचा प्रकार तर कुत्रा प्रौढ, बहुधा म्हातारपणाकडे झुकलेला असताना उघड होतो. तोवर तो नर आजोबा झालेला असतो. या सगळ्यांसाठी डीएनए चाचण्या आहेत, बहुतेक गालाच्या आत फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर होतात.

हे रोग दोन्हीकडून दोषी जनुक आलं तरच होतात. एकच असेल तर कुत्रा वाहक, स्वतः निरोगी. दोन वाहक जोडले तर सरासरी चारात एक पिल्लू आजारी. पण वाहक नर आणि पूर्ण स्वच्छ मादी जोडली तर एकही पिल्लू आजारी होत नाही, सरासरी अर्धी वाहक निघतात. म्हणून चाचणीत ‘वाहक’ आलं की उत्तम नर बाद करणं हा मला उधळेपणा वाटतो. स्वच्छ मादी बघावी, पिल्लांची चाचणी करावी, आणि पुढच्या पिढीला स्वच्छ पिल्लू ठेवावं. असे चांगले नर सरसकट बाद करत गेलो तर जातीतली विविधताच आटते.

साधा अपस्मार मात्र या चाचण्यांत सापडत नाही. तो बहुतेक कुत्र्यांत सहा महिने ते सहा वर्षं या काळात सुरू होतो. पाठीच्या मणक्यांची चकती सरकण्याचा दोषही बीगलमध्ये पसरलेला आहे. या दोन्हींसाठी घराण्याची माहिती आणि नराचं वय फार महत्त्वाचं. दीड वर्षाचा चमकता नर वापरण्याची घाई इथे नडते. खुब्याच्या सांध्याचा अंतिम दाखलाही अमेरिकेत २४ महिन्यांनंतरच मिळतो.

बाकी शरीराची तपासणी पशुवैद्य झटपट करतो: दात नीट मिटतात का, पंजे घट्ट आहेत का, दोन्ही वृषण खाली उतरलेत का. एकच उतरलेला नर पिल्लं देऊ शकतो, पण हा दोष आनुवंशिक आहे, त्याला वापरू नये. वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली बघावं. ७० टक्क्यांच्या वर शुक्राणू सरळ पुढे पोहत असावेत. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे उन्हाळ्यातल्या तापाचा परिणाम पुढच्या ऋतूत दिसू शकतो. एक नमुना वाईट आला म्हणून निकाल देऊ नये, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघावं.

ब्रुसेलाबाबत मात्र सूट नाही. ब्रुसेला कॅनिस हा जीवाणू समागमातून पसरतो, मादीचं वेत गळतं, नराचे वृषण बिघडतात, प्रतिजैविकांनी तो खात्रीने जात नाही आणि माणसालाही होतो. नर आणि मादी दोघांची चाचणी, प्रत्येक जोडीच्या वेळी. संसर्ग नवा असेल तर काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून नुकत्याच कुठल्या तरी मादीवर गेलेल्या नराचा गेल्या वर्षीचा कागद दाखवला तर तो मान्य करू नये.

आपल्याकडे बीगलचा स्टड, म्हणजे पैदाशीचा नर, बहुधा फोटो, रंग आणि कागदांवर ठरतो. नाक आणि माग यांची परीक्षा इथे होणार नाही, व्हायचं कारणही नाही. पण डीएनए, ब्रुसेला, घराण्यातले अपस्माराचे झटके, भावंडांचा स्वभाव हे सगळं पुण्याच्या फ्लॅटमधल्या बीगललाही तसंच लागू आहे, आणि २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. फ्लॅटमध्ये तर आवाजाची चौकशी आधी करावी: बाप दिवसभर भुंकतो का, हे शेजाऱ्याला विचारलेलं बरं.

नर ठरला तरी मादीशी बोलणी उरतात. मादी वेगाने वाहवत जाणारी असेल तर लोक अतिसंथ नर शोधतात, मधलं निघेल या आशेने. वेताची सरासरी मध्ये येईलही, पण एकेक पिल्लू दोन्ही टोकांना पडू शकतं. तिला योग्य वेगाचा, चेकवर शांत नर द्यावा. करारात मादी गाभण राहिली नाही तर पुढच्या माजाला पुन्हा सेवा, नराच्या मालकाला पैसे की पिल्लू, हे आधी लिहून घ्यावं. आणि वेत झाल्यावर त्याच जोडीचं दुसरं वेत घेण्याआधी पहिली सगळी पिल्लं, विकलेलीही, निदान एक हिवाळा रानात जाऊन येऊ द्यावीत.